रविवारी काढायचा पोचा

जना,

उरण नाक्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. मधोमध तू, हार घातलेला, आणि भोवती ज्यांना तू आयुष्यात कधी चहासुद्धा पाजला नाहीस अशा भावी नगरसेवकांची डोकी, तुझ्या डोक्यापेक्षा मोठी. छापणाऱ्यानं तुझ्या भुवईवरची खोक पुसलीय, गाल भरून काढलेत आणि रंग चांगला दोन छटा उजळ केलाय. म्हणजे जे काम तू जन्मभर बंपरांवर केलंस ते शेवटी तुझ्यावर झालं, आणि बेकार झालं. कानाच्या कडेनं रंग सांडलेला सरळ दिसतो. तू असतास तर खाली उतरवून पुन्हा करायला लावलं असतंस.

गेलेल्या माणसाला लिहिलेलं त्याच्यापर्यंत पोचतं असं मी मानत नाही. यावरून आपण पुरेसे भांडलोय. तरी लिहितोय, कारण एक गोष्ट तुझ्याशिवाय कुणाला विचारता येत नाही. तू गेलास त्या रविवारी तुझी ती मरून रंगाची गाडी शेडबाहेर, भर उन्हात उभी होती. तिथे ती कशी गेली?

मी विमा कंपनीचा सर्वेअर. ठोकलेली गाडी बघायची आणि हे कशानं झालं ते ठरवायचं, यातच माझी सगळी नोकरी सरली. गाडी आपोआप जागची हलली असं शपथेवर सांगणारे कितीतरी भेटले. एकावरही मी विश्वास ठेवला नाही. आता तुझी सायली माझ्यासमोर बसून मला तेच विचारते आणि मी खिडकीबाहेर बघतो.

तिला काय छळतंय ते तुला माहीत असायला हवं. आदल्या संध्याकाळी तिनं पुण्याहून तुला फोन केला होता. म्हणाली होती, "बाबा, तो पोचा काढत नाही तोवर मी घरी यायची नाही." रागानं नव्हे, दमून. दुसऱ्या दिवशी तू गेलास, आणि गाडीचा पोचाही गेला.

"काका, बाबांनी माझ्यामुळे एकट्यानं गाडी उन्हात ढकलली का?" ती म्हणाली. "त्यानंच त्यांचं हृदय बंद पडलं का? तुम्ही जन्मभर हेच शोधलंत. गोड काही सांगू नका. खरं ते सांगा."

म्हणून पहिल्यापासून सगळं तपासायला बसलो. सुरुवात नारळापासून करावी लागते.

ती गाडी उलव्याच्या एका बिल्डरनं तुझ्याकडे आणली होती. विमानतळात जमीन गेलेली, पैसा आलेला, आणि मुलाच्या हळदीला नवरदेव जुन्या परदेशी गाडीतून मिरवायचा हट्ट. दोन दारांची, बसकी गाडी. तिचा पुढचा सगळा भाग, ज्याला आपण नाक म्हणायचो, पत्र्याचा नव्हताच. रबरासारखं मऊ प्लास्टिक, अंगठ्यानं दाबलं तर दबणारं आणि सोडलं की फुगून परत येणारं. तुझ्याकडे आली तेव्हा त्या नाकाला चिरा गेल्या होत्या आणि रंग कातडीसारखा सुटत होता. तू चिरा कोरल्यास, मागून वितळवून जोडल्यास, पॉलिश पेपरनं घासून एकजीव केल्यास. मग रंगात ते औषध घातलंस, ज्यानं वाळल्यावरही रंग लवचीक राहतो. ते न घातलं तर प्लास्टिक वाकतं आणि वरचा रंग वाकत नाही, तडकतो. तू रंगवलेली एक पट्टी बोटाला गुंडाळून गिऱ्हाइकांपुढे जादूगारासारखी नाचवायचास. विनय तुझ्यात कधीच नव्हता. शेडवर पाटी होती, 'प्लास्टिकचे डॉक्टर. फक्त जुने पेशंट.' मी डिग्रीबद्दल विचारलं तेव्हा म्हणालास, "सायेब, डॉक्टर कंपाउंडरला इचारून पाटी लावत नाय."

गाडी न्यायला वरात आली. बँजो, पोरी, मोबाईल. नारळ चाकापुढच्या दगडावर फोडतात, पण बिल्डरच्या भावाला फोटोत गाडीचं तोंड हवं होतं. डंपरांच्या लोखंडी बंपरावर नारळ फोडून फोडून त्याचा हात तयार झालेला. त्यानं तो थेट नाकावर आपटला. नाक आत गेलं, बाहेर आलं, आणि नारळ उडून त्याच्याच छातीवर बसला. लोक हसले. दुसऱ्यांदा जोरात आपटला. पुन्हा परत. तिसऱ्या वेळी कुणी हसलं नाही. बँजोवालाही थांबला. त्या शांततेत बिल्डरची म्हातारी आई एवढंच बोलली, "घेत नाय ती."

नवरदेव दुसऱ्या गाडीतून गेला. ही गाडी त्यांनी पुन्हा दारात आणलीच नाही, तुलाच ठेव म्हणाले. मी अंधश्रद्धेवर भाषण द्यायच्या तयारीत होतो. तू नाकावर वाकून बघत होतास. "सायेब, रंगाला चरा पन नाय," म्हणालास. तुला तेवढंच पडलं होतं.

मग ती कुंदावहिनींची गाडी झाली. तू त्यांना शिकवायचास, नेऱ्याच्या रस्त्यावर, सकाळी. वहिनी बुटक्या, म्हणून सीट पार पुढे ओढायची आणि पाठीशी उशी. तुझी बायको स्टिअरिंगला छाती लावून, मान उंच करून गाडी चालवते हे दृश्य मी एकदा पाहिलंय. पालखी निघाल्यासारखे लोक बाजूला होत होते. असंच एकदा एका फार्महाऊसच्या फाटकाला त्यांनी गाडी टेकवली. ठोकली नाही, टेकवली. दगडी खांब नाकात वाटीएवढा बसला आणि पोचा पडला. मी तुझ्या शेडवर होतो. त्या गाडीतून उतरल्या त्याच हसत.

"भावजी, नारल लागला नाय. मी लागले."

खाली बसून त्यांनी नाकाच्या आत हात घातला. "आतून ढकलला का निघंल ना ओ?"

"असा नाय निघत," तू म्हणालास. "गरम करावा लागतो. रव्हू दे. रविवारी काढतो."

शुक्रवारी वहिनी दळण आणायला गेल्या आणि गिरणीतच कोसळल्या. तो रविवार आलाच नाही, म्हणजे आला, पण तू हीटगन हातात घेतली नाहीस. त्या रविवारी नाही आणि पुढच्या कुठल्याच नाही.

यापुढचा भाग मला नीट सांगता येत नाही, कारण मी तेव्हा त्याची चेष्टा केली होती. असलं प्लास्टिक गरम झालं की साच्यातून निघालेल्या मूळ आकाराला परत यायला बघतं. त्याच गुणावर तुझं पोट चालायचं, आणि तू त्याच गुणाला घाबरून राहिलास. पनवेलातले सगळे मऊ बंपर तापवून सरळ करणारा माणूस एका पोच्याला ऊन लागू नये म्हणून जिवाचं रान करायचा. गाडी शेडच्या सगळ्यात थंड कोपऱ्यात. पत्र्याला भोक दिसलं की त्याच दिवशी डांबर. उन्हाळ्यात नाकावर ओलं गोणपाट, वाळलं की पुन्हा ओलं. दसऱ्याला पूजा करायला गाडी बाहेर काढायची ती सूर्य बुडाल्यावर. तू, मी आणि शेजारी सीटकव्हर शिवणारा हमीदभाई, तिघं मिळून ढकलायचो. तुझ्या अंगणाचा उतार शेडच्या आत. पावसाळ्यात अख्ख्या गल्लीचं पाणी तुझ्याकडे मुक्कामाला. गाडी बाहेर काढायची म्हणजे चढावर ढकलायची. हमीदभाई दर दसऱ्याला म्हणायचा, "जनाभाई, अगले साल बैल आणा." झेंडू वाहायचास, नारळ फोडायचा नाहीस, आणि गाडी आपल्या वजनानं आत जायची.

भांडण तिथूनच सुरू झालं. तू म्हणायचास, प्लास्टिकला आठवण असते. मी म्हणायचो, आठवण नव्हे, आतल्या लांबलचक साखळ्या ताणलेल्या असतात, उष्णता मिळाली की सैल पडतात. तू म्हणायचास, "आनि मानसाच्या डोक्यात काय असतंय, सायेब? अगरबत्ती?" मी म्हणायचो, माणसाची आठवण निदान चुकते तरी. तू म्हणायचास, म्हणून तर प्लास्टिकवर भरवसा ठेवायचा. मग मी पुस्तकातलं काढायचो. पोचा इतकी वर्षं तसाच राहिला तर तोच आकार मुरतो, आता तापवलास तरी अर्धाच भरून येईल, उगाच गोणपाटं भिजवू नकोस. तू मान हलवायचास. "पुरता येनार. म्हनून तर झाकतोय."

प्रयोग करून बघायची सोय नव्हती, त्यामुळे भांडण टिकलं.

सायलीला यातलं काहीच गोड वाटत नव्हतं. घरात आईच्या फोटोवर धूळ आणि बाबा पोच्याला गोणपाट घालतात, असं ती म्हणायची. बरोबरच होतं तिचं. मलाही तसंच वाटायचं, पण एक गोष्ट मी तुला कधी बोललो नाही. मी एकटा माणूस. माझ्या घरातली प्रत्येक वस्तू सरळ आहे. जपावा असा एकही पोचा माझ्याकडे नाही. निवृत्तीनंतर रोज तुझ्या शेडवर येऊन बसायचो ते चहासाठी नव्हे.

त्या रविवारी हमीदभाईचा फोन आला. "साहब, जल्दी या. जनाभाई उठत नाहीत."

तू खुर्चीत होतास, सावलीत. डॉक्टर म्हणाले, बसल्या बसल्या गेले, कळलंही नसेल. तुझी खुर्ची नेहमी रस्त्याकडे तोंड करून असायची, लोकांनी तुला बघावं म्हणून. त्या दिवशी ती अंगणाकडे वळवलेली होती. अंगणात गाडी, हँडब्रेक ओढलेला, तोंड उन्हाकडे. गोणपाट बाजूला, कोरडं, चौघडी घालून ठेवलेलं. तू कपडा कधी घडी करून ठेवल्याचं मला आठवत नाही.

आणि नाक गुळगुळीत. मी हात फिरवला. चटका बसला. पोचा होता तिथे बोटाला काहीही लागलं नाही. पुस्तक म्हणतं अर्धा. तो पुरता भरून आला होता. आतून कुणीतरी श्वास भरल्यासारखा.

हमीदभाई म्हणाला, "मी दुकान उघडलं तेव्हा गाडी बाहेरच होती. मला वाटलं तुम्ही आणि जनाभाईनी काढली."

"मी घरी होतो."

"मग कुणी काढली?" असं म्हणून त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि मग तुझ्याकडे, जसा तू सांगशील.

तिरडीला जागा हवी म्हणून गाडी आत घ्यायची होती. हमीदभाई स्टिअरिंग धरायला आत शिरला आणि तसाच अडकला. त्याचे गुडघे डॅशबोर्डला लागत होते. सीट पार पुढे होती. "साहब, ही सीट कुणी ओढली? रेल तर मागेच जाम झाली होती. मीच तेल घालून घालून नाद सोडला होता." त्यानं ती मागे सरकवायला जोर लावला. हलली नाही. शेवटी तो तसाच, नमाजाला बसल्यासारखा दुमडून बसला, आणि गाडी उतारावरून आत गेली.

लोकांच्या गर्दीत हे कुणाच्या लक्षात आलं नाही. एक साहेब 'प्लास्टिक क्षेत्राची अपरिमित हानी' यावर बोलत होते.

कार्य उरकल्यावर एका दुपारी मी एकटाच शेडवर गेलो. तुझे दुरुस्त केलेले बंपर तारेवर टांगलेले, दिव्यांच्या जागी रिकामी भोकं, सोलून वाळत घातलेल्या चेहऱ्यांसारखे. वर पत्रा तापला की ते टकटक वाजू लागतात. प्लास्टिक ताण सोडतं, त्याचा आवाज. तू असताना तो आवाज मला ऐकूच आला नव्हता, तुझ्या बडबडीत. त्या दुपारी एक थांबायचा, मग पलीकडचा बोलायचा. मी सर्वेअर असल्याची स्वतःला आठवण करून दिली आणि कामाला लागलो.

गाडीची बॅटरी काढून कोपऱ्यात ठेवलेली, तिच्यावर कोळ्याचं जाळं. म्हणजे इंजिनावर गाडी गेली नाही. चढ आपण तिघं धापा टाकत चढवायचो तोच. तू एकट्यानं ढकलली असतीस तर घामानं निथळला असतास. पण तुला खुर्चीतून उचलणारा मी होतो, जना. रविवारचा तुझा तो पांढरा शर्ट, कांजी करून कडक इस्त्रीचा, ज्यात तू लग्नातल्या व्याह्यासारखा दिसायचास. त्याच्या बाहीची कड माझ्या मनगटाला टोचली होती. कांजी घामात तग धरत नाही. तुझे तळवे कोरडे आणि स्वच्छ होते. गाडीच्या पाठीवर वर्षाची धूळ होती आणि त्या धुळीवर कुणाचाही हात उमटलेला नव्हता. त्या दिवशी आम्ही तिला आत घेतली तेव्हाही ढकलावी लागली नव्हती, ती उतारावरून स्वतःच गेली.

मग मी मोबाईलचा दिवा लावून खाली आडवा झालो आणि नाकाच्या आत बघितलं. तिथली धूळ जुनी, मऊ, जाड. पोच्याच्या नेमकी मागे ती पुसलेली होती. एक पंजा. पाच बोटं, आतून बाहेर ढकलताना टेकतात तशी.

वहिनींनी त्या दिवशी आत हात घातला होता, तोच हा ठसा, असं मी लगेच ठरवलं. ठरवून बरं वाटलं. मग दिवा जवळ नेला. इतक्या वर्षांची धूळ त्या ठशावर बसायला हवी होती. ठशात धूळ नव्हती. माझ्या खिशात टेप होता, तो नेहमी असतो. जन्मभर मी प्रत्येक चरा मापला, दोन माणसांच्या भांडणात आधी टेप लावला, मग बोललो. तो खिशातून काढायला हात गेला आणि मागे आला. डोक्यावर नुसती टकटक चालू होती.

उठताना दिसलं, सायली दारात उभी होती. कधीपासून कोण जाणे.

"काय आहे आत?"

मी तिला सगळं सांगितलं. बॅटरी, चढ, कांजी, कोरडे तळवे. तिनं सांगितलं तसं, गोड न करता. म्हणालो, "तुझ्या बाबांनी गाडी ढकलली नाही. हे मी कुठल्याही कोर्टात सांगेन. तुझ्या बोलण्यानं तो गेला नाही. तो बसून होता आणि बघत होता."

"काय बघत होते?"

मी सीटकडे बोट दाखवलं. सायलीनं दार उघडलं, पुढे ओढलेल्या त्या सीटकडे बराच वेळ बघितलं. आईच्या उंचीची आहे ती, तुला माहीतच आहे. बसली नाही. दार हळूच लावलं, आत कुणी झोपलंय तसं. मग ड्रेसची पर्वा न करता जमिनीवर आडवी झाली आणि नाकाच्या आत हात घातला.

मी तोंड फिरवलं. पंजा पंज्यावर बसला की नाही, ते मला बघायचं नव्हतं. ती बराच वेळ तशीच पडून राहिली. बाहेर आली तेव्हा तिचा तळवा काळा झाला होता. म्हणजे ठसा आता नाही. पुरावा माझ्या डोळ्यांदेखत पुसला गेला आणि मी पुसू दिला. नोकरीत असतो तर निलंबित झालो असतो.

"काका," ती ओढणीला हात पुसत म्हणाली, "गाडीला गोणपाट नको आता."

"नको," मी म्हणालो.

"आणि सीट तशीच राहू दे."

ती गाडी पुण्याला नेणार आहे. हमीदभाई बॅटरी बसवून देतोय. कुणीतरी नारळ आणला होता. सायलीनं तो बाजूला ठेवला.

मी मत बदललेलं नाही, जना. मेलेली माणसं गाड्या ढकलत नाहीत. प्लास्टिकच्या आत साखळ्याच असतात, आणि त्या दिवशी ऊन कडक होतं. अर्धा येईल म्हणालो होतो तिथे मी चुकलो, एवढं कबूल. बाकीचं भांडण चालू ठेवायला तू नाहीस, म्हणून एकच विचारतो. इतके रविवार आले आणि गेले. तुम्हां दोघांपैकी तो रविवार लक्षात कुणी ठेवला, तू की वहिनींनी?